ताओ वाचायचा कुठून?

लाओ त्झूच्या नावावर सांगितलं जाणारं ‘ताओ ते चिंग’ हे पुस्तक हाताला हलकं आहे. मूळ चिनी मजकूर सुमारे पाच हजार अक्षरांचा, प्रकरणं ८१, आणि तीही बहुतेक अर्ध्या-पाऊण पानाची. दुपारी हातात घेतलं तर संध्याकाळच्या चहापर्यंत वाचून होतं. वाचल्यावर काहींना सगळं कळल्यासारखं वाटतं, काहींना काहीच कळलेलं नसतं, आणि दोघंही तिथेच थांबतात. ताओविषयीचं बहुतेकांचं वाचन या एका पुस्तकापाशी सुरू होऊन त्याच्यापाशीच संपतं.

ताओवादी म्हणून ओळखलं जाणारं वाङ्मय मात्र अफाट आहे. मिंग राजवटीत १४४५ साली छापून पूर्ण झालेल्या ताओवादी ग्रंथसंग्रहात सुमारे दीड हजार ग्रंथ आहेत. त्यात उडी घ्या, असं कुणी कुणाला सांगणार नाही. पण इंग्रजी वाचता येणाऱ्याला आज इतकी चांगली भाषांतरं आणि अभ्यासग्रंथ मिळतात, की एकाच पुस्तकावर अडून राहायचं कारण उरलेलं नाही. प्रश्न आहे तो निवडीचा, आणि त्याहून जास्त क्रमाचा.

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो. शंकराचार्यांचं भाष्य प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडतं आणि मग ते खोडतं. जुन्या चिनी ग्रंथांत ही सोय क्वचितच असते. उत्तर समोर असतं, पण ते कुणाला दिलंय हे वाचकानं ओळखायचं. ताओवादाचे पायाभूत ग्रंथ घडले ते इ.स.पू. पाचव्या शतकापासून २२१पर्यंत चाललेल्या युद्धमान राज्यांच्या काळात. राज्यं एकमेकांना गिळत होती आणि सल्लागार मंडळी या दरबारातून त्या दरबारात फिरत होती. कन्फ्युशियसचे शिष्य म्हणत, संस्कार आणि नाती सावरा म्हणजे राज्य सावरेल. मो त्झूचे अनुयायी म्हणत, सगळ्यांविषयी सारखी आस्था ठेवा आणि उधळपट्टी थांबवा. कायदेवादी म्हणत, शिक्षा आणि बक्षीस, बाकी सगळं फोल. या गलक्यात ‘तुम्ही जितकं करायला जाल तितकं बिघडवाल’ असं म्हणणारे काही निघाले. पूर्वपक्ष गाळून नुसता उत्तरपक्ष वाचला की हाती सुभाषितं उरतात, आणि ताओचं आज जगभर तेच झालं आहे. म्हणून इथे पुस्तकं सुचवताना कसोटी एकच ठेवली आहे : हे पुस्तक वाचताना तो वाद पुन्हा ऐकू येतो का?

सुरुवातीला एक व्यवहाराची गोष्ट. इंग्रजी पुस्तकांत नावं दोन पद्धतींनी लिहिलेली आढळतात. जुन्या पुस्तकांतला ताओ नव्या पुस्तकांत दाओ असतो, च्वांग त्झू झ्वांगझी होतो आणि लिए त्झू लिएझी. ग्रंथालयात किंवा दुकानात शोधताना दोन्ही नावांनी शोधावं.

लाओ त्झू आणि जमिनीतून निघालेल्या पोथ्या

लाओ त्झूची कथा सगळ्यांना ठाऊक असते. चौ राजांच्या दप्तरखान्यातला म्हातारा अधिकारी राज्याची पडझड पाहून पश्चिमेकडे निघतो, सीमेवरचा नाकेदार त्याला थांबवून काही लिहून मागतो, तो लिहून देतो आणि नाहीसा होतो. ही कथा येते सिमा च्येन या इतिहासकाराच्या ग्रंथात, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला. पण तोच सिमा च्येन त्याच पानांवर आणखी दोन माणसांची नावं घेतो आणि लाओ त्झू नेमका यातला कोण हे सांगता येत नाही अशी कबुली देतो. दुसरी, फारशी सांगितली न जाणारी गोष्ट अशी, की त्यानं लाओ त्झू आणि च्वांग त्झू यांची चरित्रं शेन बुहाई आणि हान फेई या कठोर राजनीतीवाल्यांच्या शेजारी, एकाच प्रकरणात ठेवली. लाओ त्झूवरचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भाष्यही ‘हान फेई त्झू’ याच कायदेवादी ग्रंथात सापडतं. डोंगर, धुकं आणि बांबूची बेटं असलेल्या मुखपृष्ठावरून ज्याची कल्पना येणार नाही, असं हे पुस्तक आहे : राजाला उद्देशून लिहिलेलं, सत्ता कशी टिकवावी हा प्रश्न समोर ठेवणारं.

गेल्या पन्नासेक वर्षांत या पुस्तकाचा अभ्यास पार बदलला तो उत्खननांमुळे. १९७३ साली हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगद्वी इथे इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेल्या एका थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या. त्यांत पुस्तकाचे दोन भाग उलट क्रमानं आहेत : ‘ते’चा (गुण-सामर्थ्याचा) आधी, ‘ताओ’चा (मार्गाचा) नंतर. मग १९९३ साली हुबेई प्रांतात ग्वोद्यान इथे इ.स.पू. ३००च्या सुमाराच्या थडग्यातून बांबूच्या पट्ट्या निघाल्या. त्यांवर आजच्या पुस्तकाचा साधारण दोन पंचमांश मजकूर आहे, पण क्रम अगदी वेगळा. पुस्तक एका बैठकीत, एका हातानं लिहिलं गेलं ही समजूत यानंतर धरून ठेवणं अवघड झालं.

ग्वोद्यानच्या पट्ट्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. आजच्या प्रचलित प्रतीत १९व्या प्रकरणात कन्फ्युशियसवाद्यांच्या लाडक्या सद्गुणांवर सरळ हल्ला आहे. ग्वोद्यानच्या प्रतीत त्या जागी कपट आणि कृत्रिमपणा टाकून द्यायला सांगितलं आहे, त्या सद्गुणांची नावं नाहीत. शिवाय त्याच थडग्यात कन्फ्युशियस परंपरेचेही अनेक ग्रंथ ठेवलेले होते. म्हणजे एका वाचकाच्या संग्रहात दोन्ही पक्ष सुखानं नांदत होते आणि भांडणाला धार नंतर चढली. वाद पाहायचा तर त्याची वाढही पाहायला हवी, आणि त्यासाठी रॉबर्ट हेन्रिक्स यांची दोन भाषांतरं उपयोगी पडतात : मावांगद्वी प्रतींचं १९८९चं आणि ग्वोद्यान प्रतीचं २०००चं.

पहिल्या वाचनाला मात्र डी. सी. लाउ यांचं १९६३चं पेंग्विनमधलं भाषांतर अजून उत्तम आहे. इंग्रजी कोरडं, पण मूळ जिथे खडबडीत आहे तिथे लाउ रंधा मारत नाहीत, आणि त्यांची प्रस्तावना पुस्तकाला त्याच्या काळात नेऊन बसवते. आर्थर वेली यांचं १९३४चं ‘द वे अँड इट्स पॉवर’ त्याच्या लांबलचक प्रस्तावनेसाठी वाचावं. काही मतं आज मागे पडली असली तरी त्या काळच्या वैचारिक हमरीतुमरीचं इतकं वाचनीय चित्र दुसरीकडे क्वचितच मिळेल. जेम्स लेग यांचं १८९१चं भाषांतर मॅक्स म्युलर यांच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेत निघालं. ते आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावर मूळ चिनी मजकुराशेजारी फुकट वाचता येतं. भाषा व्हिक्टोरियन, पण काम प्रामाणिक.

परंपरेनं हे पुस्तक कसं वाचलं हे पाहायचं असेल तर भाष्यांकडे वळावं. पंचविशीही न गाठता इ.स. २४९मध्ये वारलेल्या वांग बी या विलक्षण तरुणाचं भाष्य सर्वांत प्रभावी ठरलं. रिचर्ड लिन यांनी १९९९ साली ते मुळासह इंग्रजीत आणलं. रेड पाइन या नावानं लिहिणारे बिल पोर्टर यांच्या १९९६च्या आवृत्तीत प्रत्येक प्रकरणाखाली निरनिराळ्या शतकांतल्या चिनी भाष्यकारांची मतं निवडून दिली आहेत. राजे, भिक्षू, पंडित, जोगी एकाच ओळीवर कसे भांडले, हे तिथे एका पानावर दिसतं.

आता सर्वाधिक खपणाऱ्या भाषांतरांविषयी. स्टीफन मिचेल यांचं १९८८चं रूपांतर वाचायला अतिशय सुंदर आहे, पण मिचेल यांना चिनी येत नाही. इतरांच्या भाषांतरांवरून आणि स्वतःच्या झेन साधनेच्या भरवशावर त्यांनी ते केलं. उर्सुला ल ग्विन यांनाही चिनी येत नव्हतं. त्यांनी १९९७ साली जे. पी. सीटन या जाणकाराची मदत घेतली, आपण काय बदललं ते टिपांत सांगितलं आणि आपल्या कामाला भाषांतर म्हणायचंही टाळलं. दोन्ही पुस्तकं वाचावीत, पण लाउ किंवा हेन्रिक्स शेजारी उघडे ठेवून. फरक बघायला ३, ५, ६५ आणि ८० ही प्रकरणं घ्यावीत. तिसऱ्यात राज्यकर्त्यानं प्रजेची पोटं भरावीत आणि मनं रिकामी ठेवावीत असा सल्ला आहे. पाचव्यात निसर्गाला आणि शहाण्या राजालाही कुणाची माया नसते असं सुनावलं आहे. पासष्टावं प्रजेला हुशार करू नका म्हणतं. ऐंशीव्यातल्या आदर्श गावातली माणसं शेजारच्या गावाची कोंबडी-कुत्री ऐकू येत असूनही तिकडे जन्मभर फिरकत नाहीत. या प्रकरणांतला कडवटपणा मिचेल यांच्याकडे बराच विरघळतो. गोड प्रकरणं सगळ्यांना आवडतात; भाषांतरकाराची परीक्षा कडू प्रकरणांत होते, आणि वाचकाचीही.

च्वांग त्झू : सुरुवात इथून करा

तरीही माझ्या मते सुरुवात लाओ त्झूपासून करूच नये. करावी ती ‘च्वांग त्झू’पासून. च्वांग त्झू, म्हणजे च्वांग चौ, हा इ.स.पू. चौथ्या शतकातला, सोंग राज्यातल्या मेंग गावचा. लाखेच्या झाडांच्या बागेवर तो किरकोळ अधिकारी होता असं सिमा च्येन सांगतो. त्याच्या नावावरचा ग्रंथ आज ३३ प्रकरणांचा आहे : सात अंतरंग, पंधरा बहिरंग, अकरा संकीर्ण. ही रचना इ.स. ३१२मध्ये वारलेल्या ग्वो श्यांगची. त्याआधी ५२ प्रकरणांची प्रत प्रचलित होती, त्यानं ती छाटली. सात अंतरंग प्रकरणं बव्हंशी च्वांग चौची असावीत असं पुष्कळ अभ्यासक मानत आले आहेत. बाकीची शिष्यांची, अनुयायांची आणि काही तर अगदी वेगळ्या मतांच्या लोकांची आहेत.

इथून सुरुवात करायची कारण इथे माणसं आहेत. लाओ त्झूच्या पुस्तकात एकही विशेषनाम नाही, एकही प्रसंग नाही; त्यामुळे प्रत्येक ओळ कुणालाही, कुठेही चिकटवता येते. च्वांग त्झूच्या पुस्तकात खाटीक आहेत, सुतार आहेत, कुबडे आहेत, पाय तोडलेले गुन्हेगार आहेत, बोलणारी झाडं आहेत. एक खाटीक राजासमोर बैल कापतो. हाडांच्या सांध्यांतल्या मोकळ्या जागेतून त्याची सुरी अशी फिरते, की १९ वर्षांत तिला धार लावावी लागलेली नाही. राजा त्यातून जगणं कसं जपावं हे शिकतो. एका सुताराला देवळाजवळचं प्रचंड झाड निरुपयोगी वाटतं. रात्री ते झाड स्वप्नात येऊन त्याला झापतं, की निरुपयोगी होतो म्हणूनच तर इतका मोठा झालो. चू राज्याचे दूत मंत्रिपद घेऊन येतात तेव्हा च्वांग त्झू नदीवर मासे धरत बसलेला असतो. देवघरातल्या पेटीत जपून ठेवलेलं मेलेलं कासव व्हायचं की चिखलात शेपूट ओढत फिरणारं जिवंत, असं तो त्यांना विचारतो आणि गळ खाली न ठेवता वाटेला लावतो.

कन्फ्युशियसही या पुस्तकात वारंवार येतो. कधी त्याची टर उडवली जाते, कधी तोच च्वांग त्झूच्या मनातलं बोलतो. मनाला उपास घडवण्याची शिकवण, जिच्यावर पुढे ध्यानाची मोठी परंपरा उभी राहिली, ती इथे कन्फ्युशियस आपल्या लाडक्या शिष्याला देतो. हा शिष्य एका जुलमी राजाला सुधारायला निघालेला आहे, आणि गुरू त्याला सांगतो, की आधी तुझ्या मनातला सुधारक उतरव. ‘ताओवादी विरुद्ध कन्फ्युशियसवादी’ हा पाठ्यपुस्तकी तक्ता अशा जागी गळून पडतो.

पण या ग्रंथातला खरा सहकलाकार आहे ह्वे शी. तर्कपंडित, वेई राज्याचा मंत्री, च्वांग त्झूचा मित्र आणि कायमचा विरोधक. पुलावरून जाताना च्वांग त्झू म्हणतो, मासे मजेत पोहताहेत. ह्वे शी म्हणतो, तू मासा नाहीस, तुला काय माहीत? वाद रंगतो आणि कोण जिंकलं यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. च्वांग त्झूची बायको वारते तेव्हा तो भांडं वाजवत गात बसलेला पाहून रागावणाराही ह्वे शीच. मलाही आधी दुःख झालंच, असं च्वांग त्झू त्याला सांगतो; मग जन्माआधीचं, जन्मानंतरचं आणि आताचं हे सगळं ऋतूंसारखं एकातून एक बदलत गेलेलं दिसलं आणि रडणं थांबलं. पुढे ह्वे शीही जातो. त्याच्या थडग्यावरून जाताना च्वांग त्झू सोबतच्यांना एक गोष्ट सांगतो. एका गवंड्याच्या नाकावर माशीच्या पंखाइतका पातळ चुना लागला. सुतार शीनं कुऱ्हाड गरकन फिरवून तो उडवला, नाकाला ओरखडाही न काढता, आणि गवंडी जागचा हलला नाही. हे ऐकून राजानं सुताराला तसंच पुन्हा करून दाखवायला सांगितलं. सुतार म्हणाला, करता येत होतं, पण समोर उभा राहणारा आता राहिला नाही. ह्वे शी गेल्यापासून बोलायला कुणी नाही, असं म्हणून च्वांग त्झू गोष्ट संपवतो. प्रतिपक्षाशिवाय आपलं तत्त्वज्ञान चालत नाही, ही कबुली ताओवादाच्या सर्वांत मोठ्या लेखकानं स्वतः दिलेली आहे.

भाषांतरांत बर्टन वॉटसन यांचं १९६८चं संपूर्ण भाषांतर पहिल्यांदा घ्यावं. ते हसवतं, आणि हा ग्रंथ हसत वाचला नाही तर वाचलाच नाही. ए. सी. ग्रॅहम यांचं १९८१चं अंतरंग प्रकरणांचं भाषांतर दुसऱ्या फेरीसाठी आहे. त्यांनी ग्रंथाचे तुकडे लेखकांनुसार वेगळे काढून नव्यानं मांडले. मांडणी पटो न पटो, कोण कुणाशी भांडतंय हे त्यातून सगळ्यात स्पष्ट दिसतं. ब्रूक झिपोरिन यांचं २०२०चं संपूर्ण भाषांतर तत्त्वज्ञानाच्या बाजूनं सर्वांत सूक्ष्म आहे. त्यांच्याच २००९च्या निवडक आवृत्तीत पारंपरिक चिनी भाष्यांचे उतारेही आहेत. थॉमस मर्टन या ख्रिस्ती संन्याशाचं १९६५चं ‘द वे ऑफ च्वांग त्झू’ हे भाषांतर नाही, निवडक गोष्टींचं काव्यरूप आहे. मर्टन ते आडपडदा न ठेवता सांगतात, म्हणून ते खुशाल वाचावं.

वादाचा पट

मूळ ग्रंथांच्या जोडीला एक तरी पुस्तक असं हवं, ज्यात सगळे भिडू एकत्र भेटतील. ग्रॅहम यांचं १९८९चं ‘डिस्प्युटर्स ऑफ द ताओ’ हे माझ्या मते त्यातलं सर्वांत मोलाचं. कन्फ्युशियसपासून हान फेईपर्यंत सगळ्यांना ते एका चालू भांडणातले वक्ते म्हणून ऐकवतं. वाचायला सोपं नाही, पण रोज पाच पानं या गतीनं गेलं तरी चालतं. बेंजामिन श्वार्ट्झ यांचं १९८५चं ‘द वर्ल्ड ऑफ थॉट इन एन्शंट चायना’ त्याच्याहून संथ आणि समतोल. घाईत असलेल्यांसाठी फुंग यू-लान यांचा १९४८चा एकखंडी संक्षिप्त इतिहास आहे. प्रत्यक्ष ग्रंथांचे उतारे एकत्र हवे असतील तर आयव्हनहो आणि व्हॅन नॉर्डन यांनी संपादित केलेला २००१चा वाचनसंग्रह घ्यावा. मो त्झू आणि हान फेई यांचे वेचे लाओ त्झूच्या मागेपुढे वाचले की बऱ्याच गूढ ओळी एकदम रोखठोक वाटू लागतात.

कमी वाचली जाणारी तीन पुस्तकं

‘लिए त्झू’ हा आठ प्रकरणांचा कथासंग्रह प्राचीन म्हणून सांगितला जातो, पण बहुतेक अभ्यासक त्याचं आजचं रूप इ.स. ३००च्या आसपासचं मानतात. आभाळ कोसळेल म्हणून झोप उडालेला माणूस, दारासमोरचे डोंगर खणून हलवायला निघालेला म्हातारा, अशा चिनी म्हणींत जाऊन बसलेल्या कथा इथल्या. या म्हाताऱ्याची गोष्ट माओनं १९४५च्या भाषणात वापरली, म्हणजे ताओवादी कथा कुठवर जाते पाहा. ग्रॅहम यांचं १९६०चं भाषांतर अजून टिकून आहे.

‘ह्वाइनान त्झू’ हा ल्यू आन या राजपुत्राच्या पदरी असलेल्या विद्वानांनी रचलेला २१ प्रकरणांचा ग्रंथ इ.स.पू. १३९मध्ये सम्राट वू याला सादर झाला. सृष्टीची उत्पत्ती, भूगोल, युद्ध, राज्यकारभार असं सगळं त्यात आहे. घोडा हरवला, तो दुसरा घोडा घेऊन परतला, त्यावरून पडून मुलाचा पाय मोडला, म्हणून तो लढाईतून वाचला, ही आज मोबाइलवर रोज फिरणारी ‘चिनी शेतकऱ्याची गोष्ट’ याच ग्रंथातली. संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१० साली आलं. ते सलग वाचायचं नाही. १८वं प्रकरण आधी उघडावं.

तिसरं ‘नेइये’, म्हणजे अंतःसाधनेचं छोटं पद्यमय प्रकरण. ‘ग्वान त्झू’ या राज्यकारभाराच्या जाडजूड ग्रंथात ते शतकानुशतकं लपून राहिलं. बसणं, श्वास, मन निवांत करणं यावरचं हे लेखन इ.स.पू. चौथ्या शतकातलं असावं. हॅरल्ड रॉथ यांनी १९९९च्या ‘ओरिजिनल ताओ’मध्ये ते वेगळं काढून मांडलं. लाओ त्झूच्या मागे नुसता विचार नव्हता, साधनाही होती, हे त्यातून कळतं.

देऊळ, दीक्षा आणि देह

पाश्चात्त्य वाचकांनी शंभर वर्षं एक सोयीची फाळणी केली : ‘तात्त्विक’ ताओवाद शुद्ध, ‘धार्मिक’ ताओवाद म्हणजे मंत्रतंत्र आणि अंधश्रद्धा. वारकरी परंपरा समजून घ्यायला ‘अमृतानुभव’ तेवढा वाचावा आणि वारी, कीर्तन, माळ, एकादशी हे सगळं गाळावं, तसलाच हा प्रकार. चिनी माणसाच्या जगण्यातला ताओ देवळात, अंत्यविधीत, औषधात आणि पंचांगात आहे.

इ.स. १४२मध्ये सिच्वान भागात चांग दाओलिंग याला देवरूप लाओ त्झूचा साक्षात्कार झाला अशी श्रद्धा आहे. त्याच्या पंथात येणारे पाच मापं तांदूळ देत, आजारपणात आपल्या पापांची कबुली देऊन बरं होऊ पाहत. पुढे बाराव्या शतकात वांग चोंगयांगनं छ्वेनचेन हा संन्यासी पंथ काढला. बीजिंगचं श्वेतमेघ मंदिर आजही त्या पंथाचं आहे. वांगचा शिष्य छ्यू चूची १२२२ साली हिंदुकुशाच्या परिसरात चंगीझ खानाला भेटला आणि अमर होण्याचं औषध नाही, आयुष्य जपण्याचे उपाय मात्र आहेत, असं त्याला तोंडावर सांगितलं. या प्रवासाचं वेली यांनी १९३१ साली इंग्रजीत आणलेलं वर्णन उत्तम वाचनीय आहे. याच पंथातल्या सुन बु-एर या साधिकेच्या रचना थॉमस क्लिअरी यांच्या १९८९च्या ‘इमॉर्टल सिस्टर्स’मध्ये भेटतात.

या बाजूचं एकच पुस्तक वाचायचं तर क्रिस्तोफर स्किपर यांचं ‘द ताओइस्ट बॉडी’ (मूळ फ्रेंच १९८२, इंग्रजी १९९३). स्किपर यांनी तायवानमधल्या ताइनान शहरात पुरोहितांकडे शिकून रीतसर दीक्षा घेतली होती, त्यामुळे विधी आतून दिसतात. सलग इतिहासासाठी इझाबेल रोबिने यांचं १९९७चं पुस्तक, आणि ‘तात्त्विक-धार्मिक’ फाळणीचा समाचार घेणारं रसेल कर्कलंड यांचं २००४चं. आधुनिक चीनमधले साधक पाहायचे तर बिल पोर्टर यांचं १९९३चं ‘रोड टू हेवन’ घ्यावं. शीआनजवळच्या चोंगनान डोंगरातल्या संन्यासी स्त्री-पुरुषांच्या गाठीभेटींचं हे प्रवासवर्णन पोथ्यांमध्ये न सापडणाऱ्या गोष्टी सांगतं.

लोकप्रिय पुस्तकं आणि आपला चष्मा

बेंजामिन हॉफ यांचं १९८२चं ‘द ताओ ऑफ पू’ गमतीदार आहे, पण विद्वानांवर आणि अभ्यासावर त्याचा इतका राग, की च्वांग त्झूलाच त्यात जागा उरत नाही. तो स्वतः अट्टल वादपटू होता. ॲलन वॉट्स यांचं त्यांच्या मृत्यूनंतर, १९७५ साली निघालेलं ‘ताओ : द वॉटरकोर्स वे’ प्रसन्न आहे, ते वॉट्स यांचा ताओ म्हणून वाचावं. ‘द सीक्रेट ऑफ द गोल्डन फ्लॉवर’ १९२९ साली रिचर्ड विल्हेल्म यांनी जर्मनमध्ये आणलं आणि मानसशास्त्रज्ञ युंग यांनी त्याला भाष्य जोडलं. त्यातून ताओपेक्षा युंग जास्त कळतात.

आपल्याकडे ताओ मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोचवला तो रजनीशांनी, म्हणजे पुढच्या ओशोंनी. १९७१ ते १९७५ या काळात मुंबई-पुण्यात त्यांनी लाओ त्झूवर १२७ हिंदी प्रवचनं दिली. त्या प्रवचनांच्या पुस्तकाचं नाव ‘ताओ उपनिषद’. मग १९७४ साली पुण्यात च्वांग त्झूवर इंग्रजीत प्रवचनं झाली, ती ‘द एम्प्टी बोट’. वक्तृत्व अफाट, आणि कितीतरी मराठी वाचकांना ही नावं पहिल्यांदा तिथेच कळली. पण ‘उपनिषद’ या एका नावात सगळा प्रश्न आला. भारतीय वाचकाला ताओ म्हणजे ब्रह्म आणि वू वेइ (ओढूनताणून काही न करणं) म्हणजे निष्काम कर्म असं लगेच जुळून येतं, आणि जुळलं की वाचन थांबतं.

जुळत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. गीतेत अर्जुनाचं कर्तव्य ठरलेलं आहे. सोडायची आहे ती फळाची आस. च्वांग त्झू हे कर्तव्य ठरवलं कुणी, इथूनच चेष्टा सुरू करतो. त्याचा खाटीक आसक्ती सोडून काम करत नाही, तो हाडामांसाच्या रचनेत इतका मुरला आहे की जोर लावावाच लागत नाही. आपण फुलपाखरू आहोत असं स्वप्न च्वांग चौला पडतं, ती गोष्ट जग मिथ्या असल्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते, पण मूळ गोष्टीच्या शेवटी च्वांग चौ आणि फुलपाखरू यांच्यात भेद असणारच असं म्हटलेलं आहे. मुद्दा आहे रूपांतराचा. मरणपंथाला लागलेल्या मित्राला दुसरा विचारतो, आता तुझं काय करतील, उंदराचं काळीज की किड्याचा पाय? इथे अमर आत्मा नाही, एका वस्तूची दुसरी होत जाणं आहे, आणि त्याचं कुतूहल आहे.

ही सरमिसळ नको असं म्हणणारा एक जाणकार फार पूर्वी होऊन गेला. पुलकेशीच्या महाराष्ट्रातून फिरून गेलेला चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग चीनला परतल्यावर, ६४७ साली, कामरूपच्या राजासाठी लाओ त्झूचं पुस्तक संस्कृतात करण्याची राजाज्ञा त्याला झाली. सोबत बसलेले ताओवादी पंडित बौद्ध परिभाषा वापरा म्हणत होते. ह्युएन त्संग दोन्ही दर्शनं वेगळी आहेत म्हणून अडून बसला. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही, पण दोन्ही परंपरा इतक्या जवळून जाणणाऱ्या माणसाचा हा आक्षेप लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मग क्रम असा लागतो. आधी वॉटसन यांच्या भाषांतरातली ‘च्वांग त्झू’ची सात अंतरंग प्रकरणं. मग लाउ यांचा लाओ त्झू, कडू प्रकरणांपासून. त्यानंतर मो त्झू आणि हान फेई यांचे वेचे, ग्रॅहम यांचा ‘डिस्प्युटर्स’ उशाशी. मग स्किपर. आणि हे झाल्यावर लाओ त्झू पुन्हा, या वेळी रेड पाइन यांच्या भाष्यांसह. मिचेल, वॉट्स, ओशो कुठल्याही टप्प्यावर चालतील, कारण तोवर त्यांच्याशी भांडता येऊ लागलेलं असेल.

मराठीत ताओवर पुढे जे काही येईल ते याच वळणाचं असावं. इंग्रजीवरून केलेल्या आणखी एका गुळगुळीत रूपांतराची गरज नाही. ‘ज्ञानेश्वरी’पासून आपला वाचक मूळ ओवी-श्लोक टीकेसह वाचत आला आहे, लाओ त्झूच्या ८१ प्रकरणांना वांग बीचं भाष्य, हान फेईचा वापर आणि कन्फ्युशियसवाद्यांचा पूर्वपक्ष जोडलेली सटीप मराठी आवृत्ती त्याला मुळीच जड जाणार नाही. चिनी जाणणारा अभ्यासक आणि खर्च सोसणारा प्रकाशक, दोघं मिळाले तर काम होण्यासारखं आहे.